दोन वजा

त्या गल्लीत वहिनींना वहिनी न म्हणणारा माणूस शोधूनही सापडला नसता. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले कुलूपवाले बुवा त्यांना वहिनी म्हणत. शाळेत जाणारी पोरं वहिनी म्हणत. टायर विकायला आलेला कोटवाला साहेब "मॅडम, मॅडम" करत दुकानात शिरला होता, तोही चहा संपताना "येतो वहिनी" म्हणूनच उठला. खऱ्या नात्यानं त्यांना वहिनी म्हणणारा मात्र एकच, समोरच्या गाळ्यातला त्यांचा दीर. वहिनींकडे मोटरसायकल दुरुस्ती, भावजींकडे लोखंड कातायचा लेथ. मध्ये अठरा पावलांचा रस्ता.

लग्न होऊन आल्या तेव्हा पान्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हेही वहिनींना ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ग्रीसचा वास सोसत नसे. तो लांबच्या बंदरावर क्रेन चालवायला गेला आणि वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येऊ लागला. दुकान सासऱ्यांचं होतं. सून त्यांचा डबा घेऊन यायची आणि ते जेवेपर्यंत उकिडवी बसून विचारत राहायची, "मामंजी, हे असं का? ते तसं का?" तिसऱ्या महिन्यात सासऱ्यांनी डबा बाजूला सारला आणि तिच्या हातात पाना दिला. "विचारून विचारून डोकं खाल्लंस माझं. आता हात काळे कर." त्याला तेवीस वर्षं झाली. नखांच्या कडा अजून काळ्या आहेत.

सासऱ्यांच्या मागे दुकानाबरोबर त्यांची टेपही वहिनींकडे आली. पत्र्याची, तीन मीटरची. तिचं टोक कधीतरी फिरत्या चेनमध्ये सापडून तुटलं होतं आणि पहिले दोन सेंटीमीटर गायब झाले होते. "दोनच तर गेलेत," सासरे म्हणाले होते, "बाकी दोनशे अठ्ठ्याण्णव शाबूत आहेत की!" तेव्हापासून टेप दाखवेल त्यातून दोन वजा करायचे, हा त्या घराचा कायदाच झाला. कामाची वाटणीही सासऱ्यांनीच लावून दिली होती. मोजणाऱ्यानं दिसेल तो आकडा सांगायचा, वजाबाकी कापणाऱ्यानं करायची. वहिनी रस्त्यापलीकडे ओरडायच्या, "भावजी, चौदा!" तिकडून यायचं, "चौदा ऐकलं!" आणि बारा सेंटीमीटरचा तुकडा कापून यायचा. तेवीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

भावजींचं बोलणं त्यांच्या लेथसारखंच होतं. सुरू व्हायला वेळ लागायचा, पण एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण सापडायचं नाही. "म्हणजे कसंय वहिनी..." इथून ते निघायचे आणि वाटेत तीन नातेवाईक, एक जुनं भांडण आणि लोखंडाच्या चार जाती घेऊन परत "...तर असं आहे" वर यायचे. त्यांची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, नेमकी उलटी. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं प्रत्येक वाक्य सुईच्या आधीचं किंवा सुईच्या नंतरचं. दूध उतू गेलं तरी दुधाला म्हणणार, "घाबरायचं नाही, काही होत नाही, झालंसुद्धा!"

ही धाकटी दर गुरुवारी मोटरसायकलवर लशींची पेटी बांधून खाणीवरच्या वस्तीत जायची. अकरा वळणांचा रस्ता. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चढताना अडचण नव्हती, उतरताना होती. ब्रेक दाबला की गाडीचं पुढचं अंग खाली बसायचं.

"ताई, पेशंटला उभं राहवत नाही हो," ती म्हणाली. "ब्रेक लावला की मुंडी खाली. मागच्या गुरुवारी सातव्या वळणावर माझं सगळं आयुष्य डोळ्यासमोरून गेलं. फार काही नव्हतं म्हणा त्यात, तुमचे भावजीच जास्त होते."

वहिनींनी हँडल दाबून बघितलं आणि ओळखलं. पुढच्या दोन्ही शॉकअपच्या आतल्या स्प्रिंगा दमल्या होत्या. नव्या मागवल्या, चांगल्या जाड तारेच्या. पण त्या जुन्यांपेक्षा आखूड निघाल्या. अशा वेळी प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर नळीचा एक तुकडा ठेवतात, त्याला स्पेसर म्हणायचं, आणि उरलेली उंची भरून काढतात. मग वरचं टोपण दाबून आवळलं की स्प्रिंग आत ताठ उभी राहते. तुकडा आखूड पडला तर स्प्रिंग नळीत सैल लोंबकळते आणि जोरात ब्रेक लावला की पुढचं अंग थेट तळाला जाऊन आदळतं.

त्या गुरुवारी सकाळी स्प्रिंगा आल्या आणि त्यांच्याबरोबर चहाही आला. स्पेअर पार्टवाला, कुलूपवाले बुवा, भावजी, सगळे वहिनींच्या दारात उभे होते. स्पेअर पार्टवाल्यानं ती तुटकी टेप उचलून विचारलं, "काय हो, अजून हीच?"

भावजींचं सुरू व्हायचं बटण दाबलं गेलं. "म्हणजे कसंय, आमच्या वहिनींचं सगळंच दोन वजा. माप दोन वजा, साखर दोन वजा. वय विचारा, तेही दोन वजा!"

सगळे खदाखदा हसले. बुवांना तर ठसका लागला. वहिनींनी टेप स्पेअर पार्टवाल्याच्या हातातून काढून घेतली, खिशात टाकली आणि आत गेल्या. वयाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण ती टेप मामंजींची होती. त्यांच्या सख्ख्या मुलानं परक्या माणसापुढे तिची टिंगल करावी, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

आत जाऊन त्यांनी जुनी आणि नवी स्प्रिंग टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि वर उरलेली जागा मोजली. टेपनं चौदा दाखवले. तोंड उघडलं आणि मिटलं. आता "चौदा" म्हणून ओरडलं की तिकडून वजाबाकीचा आणखी एक विनोद येणार. नकोच ते. त्यांनी मनातल्या मनात दोन वजा केले, चिठ्ठीवर लिहिलं "१२, दोन नग", आणि तीस सेंटीमीटरची अॅल्युमिनियमची नळी चिठ्ठीसकट भावजींच्या टेबलावर ठेवून एक अक्षर न बोलता परत आल्या.

भावजींनी चिठ्ठी वाचली. वहिनी रागावल्यात हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे काही विचारायची सोय नव्हती. त्यांनी नेहमीसारखे मनातल्या मनात दोन वजा केले आणि दहा दहाचे दोन तुकडे कापले. तोंडं अगदी काटकोनात, कडा कानशीनं गुळगुळीत. रागावलेल्या माणसाचं काम जरा जास्तच नीट करावं लागतं. तुकडे आणि उरलेली नळी वहिनींच्या दाराशी ठेवून तेही गुपचूप परतले.

टोपण बसवताना वहिनींना नेहमी भावजींना हाक मारावी लागायची. आतली स्प्रिंग टोपणाला वर ढकलते. एकानं अंगाचा सगळा भार टाकून दाबायचं आणि दुसऱ्यानं आटे धरायचे, तरीही दोघांच्या कपाळावर घाम. आज ती हाक मारणं त्यांना नको वाटत होतं. पण टोपण ठेवलं आणि ते दोन बोटांनी फिरत फिरत गेलं. दुसरंही तसंच. वहिनींच्या चेहऱ्यावर हसू आलं. बघा, म्हणे सगळंच दोन वजा! तुमच्यावाचून अडतंय होय माझं?

त्या हसण्यापुढे बाकी काही त्यांना सुचलंच नाही. हँडल दोनदा दाबलं, अंग मऊ खाली गेलं, वर आलं. "आता पेशंट झोपणार नाही," त्या म्हणाल्या. धाकटी घाईत होती. पेटी बांधली, "झालंसुद्धा!" म्हणाली आणि गेली. तेव्हा बारा वाजले होते.

साडेतीनच्या सुमारास वहिनींनी झाडू घेतला. दाराशी नळीचा उरलेला तुकडा पडला होता. ड्रिलची पाती उभी करायला बरा पडेल म्हणून त्यांनी उचलला. टेबलावर ठेवला. पाती घातली. आणि हात तिथेच थांबला. हा इतका उंच कसा?

तीसची नळी. त्यातून बारा बाराचे दोन गेले. उरायला हवे सहा. करवतीनं खाल्लं ते सोडून सहालाही कमीच. टेप लावली, टेपनं जवळजवळ बारा दाखवले. म्हणजे खरे दहा.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदाही तेच.

आणि मग एकदम ती दोन बोटांनी फिरलेली टोपणं आठवली.

रस्ता अठरा पावलांचा होता, पण त्या दिवशी तो किती पावलांत संपला हे कोणी मोजलं नाही. "भावजी! नळी कितीची कापलीत?"

भावजींनी लेथ बंद केला. सकाळपासूनचा अबोला सुटला म्हणून चेहरा जरा उजळला होता. "म्हणजे कसंय वहिनी, तुम्ही बारा लिहिले होते, तर मी..."

"किती?"

"दहा. बारातून दोन वजा."

"मी वजा करून लिहिले होते!"

"तुम्ही कशाला वजा केले? वजा मी करतो ना! तुम्ही कधी करता का वजा?"

"तुम्ही विचारायचं नाही का?"

"विचारायला तुम्ही तोंड तरी..." भावजींचं वाक्य अर्ध्यात तुटलं. लग्नापासून पहिल्यांदाच. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "ती चारला निघते."

फोन लावला. वाजत राहिला. टोचताना ती फोन पेटीखाली ठेवते, हे दोघांनाही माहीत होतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"चढताना काही होणार नाही," वहिनी म्हणाल्या. "चढताना भार मागे असतो. उतरताना सगळा पुढे येतो. वळणावर पुढचा ब्रेक दाबला की तळाला आदळणार, चाकाची पकड सुटणार." एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

"चला मग! उभे काय राहिलात, मी स्कूटर काढते!"

"थांबा. आधी तुकडे कापू."

"आधी तिला थांबवू!"

"थांबवून काय, गाडी डोक्यावर घेऊन उतरणार? तिला तुम्ही ओळखता. 'काही होत नाही' म्हणेल आणि टांग मारेल. तुकडे हातात असतील तरच ऐकेल. चार मिनिटं, वहिनी. चारच."

वहिनींनी ओठ दाताखाली धरला. "कापा."

भावजींनी नवी नळी लेथला लावली. हात चालू झाला आणि अडला. "किती?"

"बारा."

"वजा करून?"

"करून! मी केलेत! तुम्ही करू नका!"

"म्हणजे बारा."

"बारा!"

"टेपचे की खरे?"

"खरे बारा, भावजी! मामंजींची शपथ, खरे बारा!"

भावजींनी लोखंडी पट्टी काढली, खरी, सरळ, शून्यापासून सुरू होणारी, आणि ती वहिनींसमोर धरली. दोघांनी मिळून बाराच्या रेघेवर बोट ठेवलं. मग नळीचा किंचाळता आवाज गाळाभर झाला. पहिला तुकडा पडला, दुसरा पडला. भावजी कानशीला हात घालत होते, वहिनी ओरडल्या, "कडा राहू द्या!" भावजी म्हणाले, "कडेचा कीस ऑइलमध्ये पडला तर?" आणि चार हात घासून घेतलेच. गरम तुकडे त्यांनी रुमालात बांधून खिशात टाकले. मांडी भाजली तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं.

वहिनी पुढे, भावजी मागे, मांडीवर पाना, पक्कड आणि तारेचा आकडा घेऊन. वहिनींच्या मागे बसायला भावजी एरवी तयार नसत. "तुमच्या स्कूटरला ब्रेक आहे की नुसती शोभा?" असं ते विचारायचे. आज पहिल्या वळणावर स्कूटर एका बाजूला इतकी कलली की त्यांची चप्पल रस्त्याला घासली. ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या वळणावर दगडांचा ट्रक समोर आला, वहिनी भिंतीच्या कडेनं निसटल्या. तरी ते काही बोलले नाहीत. चौथ्या वळणावर बोलले. "चार वाजून सात."

"दिसतंय."

"वहिनी, सकाळचं ते..."

"आता नको."

पाचवं वळण. वरून एकही गाडी येत नव्हती. हे बरं की वाईट, ते ठरवता येत नव्हतं. वहिनींच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं, दोन बोटांनी फिरणारं टोपण आणि त्याच्याकडे बघून हसणाऱ्या त्या स्वतः. तेवीस वर्षांत टोपणानं घाम काढला नाही असं झालं होतं का कधी? हातानं सांगितलं होतं. हात कधी खोटं बोलत नाही, मामंजी म्हणायचे. त्यांनी हाताचं ऐकलं नव्हतं, रागाचं ऐकलं होतं.

सातव्या वळणावर त्यांना मोटरसायकल दिसली.

भिंतीला टेकून तिरकी उभी होती. पेटी बांधलेली. हँडल वळलेलं. रस्त्यावर खडीत चाकाचा एक लांब ओरखडा उमटला होता, तो रस्त्याच्या मधून निघून दुसऱ्या बाजूला, जिथे काहीच नाही तिथवर, हातभर अंतर राखून थांबला होता. धाकटी कुठेच नव्हती.

स्कूटर उभी करायचीही वहिनींना सुचलं नाही. ती तशीच आडवी पडली. भावजी त्या कडेकडे धावले आणि दोन पावलं अलीकडे थिजून उभे राहिले. त्यांना खाली बघवेना. वहिनीच पुढे झाल्या, गुडघे टेकले, खाली बघितलं. झुडपं. दगड. आणखी झुडपं.

"अगं!" भावजींना बायकोला नावानं हाक मारायची सवय नव्हती. एवढंच निघालं. "अगं!"

"ओरडू नका, मी इथे वर आहे," भिंतीच्या वरून आवाज आला.

धाकटी भिंतीवरच्या दगडावर पाय लांब करून बसली होती. एका पायाला स्वतःच बँडेज गुंडाळत होती. "घाबरायचं नाही. काही होत नाही. अंगठ्याचं नख गेलंय फक्त."

भावजींनी खिशातून तुकड्यांचा रुमाल काढला. वहिनींनी जाऊन आडवी पडलेली स्कूटर उभी केली.

"दहाव्या वळणावर ब्रेक दाबला तर आतून ठक्क!" धाकटी खाली उतरत म्हणाली. "म्हटलं, पेशंटच्या छातीतून आवाज येतोय. नवव्यावर पुन्हा ठक्क. मग पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला घासत आणली. तरी इथे घसरलीच. पाय टाकला म्हणून थांबली, मग ढकलत भिंतीला लावली." तिनं ओरखड्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचा सुईआधीचा आवाज जरा हलला. "काय झालंय हिला, ताई?"

वहिनींनी तोंड उघडलं. भावजीही पुढे आले.

"माझी चूक," वहिनी म्हणाल्या. "वजाबाकी माझी नव्हती, मी केली."

"त्यांचं काही नाही गं," भावजी म्हणाले, "चिठ्ठी आली तेव्हा मी विचारायला हवं होतं. तेवीस वर्षांत कधी चिठ्ठी आली नव्हती."

"टोपण सैल बसलं, मला कळायला हवं होतं."

"सकाळी मी बोललो नसतो तर..."

"भांडायचंच असेल तर घरी भांडा," धाकटी म्हणाली. "पेशंट रस्त्यात आहे."

इंजिनाखाली दगड रचून पुढचं चाक अधांतरी केलं. वहिनींनी पहिलं टोपण उघडलं. ते पुन्हा तसंच निर्लज्जासारखं दोन बोटांनी निघालं. तारेच्या आकड्यानं आखूड तुकडा बाहेर ओढला, बाराचा आत सोडला, वर चकती ठेवली, टोपण टेकवलं. आता टोपण आट्यांपर्यंत पोचेचना. ते नळीच्या वर बोटभर उंच राहिलं.

वहिनींचा जीव भांड्यात पडला तो इथे. "भावजी, या. दाबा."

भावजींनी दोन्ही हातांनी, मग छातीनं, मग सगळ्या अंगानं भार टाकला. पाना एकदा सटकला आणि वहिनींच्या बोटाची साल निघाली. "सोडू नका!" "नाही सोडत!" "अजून!" "अजून कुठून आणू, वहिनी, दोन वजा..." त्यांनी जीभ चावली. वहिनींना हसू आलं, आणि त्याच क्षणी आटे धरले. दुसऱ्या टोपणालाही तेवढाच घाम गेला.

हँडल दाबलं. अंग ताठपणे थोडं खाली गेलं आणि लगेच वर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

"दे किल्ली," वहिनी धाकटीला म्हणाल्या. "मी बसवलंय, मीच उतरवणार. तू यांच्या मागे बस."

"ताई, अहो..."

"किल्ली."

सात वळणं. वहिनींनी प्रत्येक वळणावर पुढचा ब्रेक मुद्दाम दाबला. पहिल्या वेळी दात आवळून, ठक्क ऐकायची तयारी करून. ठक्क आलं नाही. पुढचं अंग झुकलं, थांबलं, उठलं. त्यापुढच्या वळणावर पुन्हा दाबला. मागून स्कूटरवर भावजी आणि धाकटी, दोघंही पुढच्या चाकावर डोळे लावून. शेवटचं वळण संपलं तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं की ब्रेकवरची बोटं आता उघडता येत नाहीयेत. धाकटीनं ती एकेक करून सोडवली. "झालंसुद्धा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टवाला नवी कोरी टेप घेऊन आला, भेट म्हणून. वहिनींनी ती घेतली, आभार मानले आणि खणात ठेवून दिली. मग जुनीच टेप काढून गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या एका बुशासाठी, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या नळीसाठी, माप घेतलं आणि दारात येऊन गल्ली दणाणून सोडली.

"भावजी, नऊ!"

लेथ थांबला. "नऊ टेपचे की खरे?"

"टेपचे!"

"म्हणजे वजा मी करायचे?"

"तुम्ही!"

"नऊ ऐकलं!" भावजी ओरडले, आणि क्षणभर थांबून आणखी मोठ्यानं, "सात कापतोय!"

कुलूपवाले बुवा कपाळाला हात लावून म्हणाले, "आता हे रोज असंच चालणार का?"

"रोज," वहिनी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी साल निघालेल्या बोटावरची पट्टी नीट दाबून बसवली.